कोंबड्या डालल्या का? एका क्रियापदाच्या मागावर

एक काम करा. जवळच्या मोठ्या ग्रंथालयात जा आणि मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमधला तुमच्या जिल्ह्याचा खंड मागून घ्या. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेले हे खंड १८७७ पासून निघू लागले. पुण्याचा, साताऱ्याचा १८८५ चा आहे, रत्नागिरीचा १८८० चा. त्यातलं ‘उत्पादन’ नावाचं प्रकरण उघडा. आधी खनिजं, मग झाडं, मग पाळीव जनावरं, मग रानटी जनावरं, साप, पक्षी, मासे असा क्रम दिसेल. त्यात कोंबडी शोधा.

सापडेल, पण वाचायला फार वेळ लागणार नाही. बैल आणि म्हशींवर भरपूर मजकूर असतो, घोड्यांच्या पैदाशीवर तर विचारूच नका. कोंबड्यांची बोळवण मात्र दोन-चार ओळींत झालेली असते. पान उलटलं की वाघ, बिबटे, त्यांच्या शिकारीची बक्षिसं, साहेब लोकांच्या आठवणी. रत्नागिरीच्या खंडात रानपक्ष्यांची लांबलचक यादी आहे. विडाल नावाच्या सनदी अधिकाऱ्याने ती मोठ्या हौसेने केली होती. रानातल्या पक्ष्याला लॅटिन नाव मिळालं आणि अंगणातली कोंबडी ‘इतर’मध्ये गेली.

माझ्या पीएचडीच्या विषयाचा एक तुकडा याच दोन-चार ओळींपासून सुरू होतो. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात घरोघरच्या पाच-दहा कोंबड्या घारी, मुंगूस, कोल्हा, रानमांजर यांच्यापासून लोक कशा वाचवत आले? विषय सांगितला की समोरचा आधी हसतो आणि मग म्हणतो, ‘यात इतिहास काय आहे?’ तुम्हीही उद्या असा एखादा ‘किरकोळ’ विषय घेऊन मार्गदर्शकांसमोर बसणार असाल, तर या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. माझं उत्तर सांगतो. पटलं तर घ्या.

कोंबडी कुणाची होती, हे आधी बघा. जमीन सातबाऱ्यावर पुरुषाच्या नावावर. बैल त्याचे. दूधदुभत्याच्या पैशावर घरातल्या थोरांचा हात. कोंबडी-अंड्यांचा पैसा मात्र बहुतेक ठिकाणी बाईचा धरला जाई, आजही धरला जातो. आठवड्याच्या बाजाराला जाताना पाटीत चार अंडी किंवा पाय बांधलेली एक तलंग, आणि परत येताना मीठ, तेल, पोरासाठी पाटी-पेन्सिल. ज्या घरांत जमीनच नव्हती, तिथे तर तेवढंच चालतंबोलतं भांडवल. शिवाय ब्राह्मण, वाणी अशा अनेक जातींत कोंबडी घरात चालायची नाही. लिहिणारे हात बहुतेक त्याच घरांतले. म्हणजे कागद ज्यांच्या हातात होता त्यांच्या अंगणात कोंबडी नव्हती, आणि जिच्या अंगणात कोंबडी होती तिच्या हातात कागद नव्हता. तेव्हा मुंगसाने रात्रीत चार पिल्लं मारली, तर त्या घराचं नेमकं किती नुकसान झालं हे कुठे लिहिलेलं सापडणार?

सरकारी दप्तरात तरी? इथे थोडं थांबू या. नवख्या संशोधकाची फसगत नेमकी इथेच होते.

१८७५ पासून हिंदुस्थान सरकारने रानटी जनावरं आणि सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंचे आकडे वर्षाच्या वर्षाला गोळा करायला सुरुवात केली. किती माणसं मेली, किती गुरं मेली, किती हिंस्र जनावरं मारली, बक्षिसाचे किती रुपये दिले, असे रकाने. या कागदांवर महेश रंगराजन यांनी मोठं काम केलंय. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसासाठी ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले, असा त्यांचा हिशोब आहे. आकडे वाचून अंगावर काटा येतो. पण तुम्ही रकान्यांची नावं परत वाचा. माणसं आणि गुरं. कोंबडीला रकाना नाही. गुरं म्हणजे नांगर आणि नांगर म्हणजे सारा, त्यामुळे बैल मेला की सरकारच्या उत्पन्नाला धक्का बसायचा. कोंबडीवर साराच नव्हता, मग ती मोजायची कशाला? मुंगूस, रानमांजर, घार यांच्यावर बक्षीस लावायचंही काही कारण नव्हतं.

तुलनेसाठी एक उदाहरण देतो, कारण ‘सगळीकडे असंच असतं’ असा समज करून घेऊ नये. इंग्लंडमध्ये १५६६ साली राणी एलिझाबेथच्या राज्यात एक कायदा झाला. पिकांना आणि पाळीव जनावरांना उपद्रव देणाऱ्या प्राण्यांची मुंडकी आणा आणि पैसे न्या. खोकड किंवा बिज्जूसारख्या बॅजरच्या मुंडक्याला १२ पेन्स, मुंगसाच्या आकाराच्या बारीकसारीक चोरांना १ पेनी. पैसे द्यायचे गावच्या चर्चच्या कारभाऱ्यांनी, आणि दिलेला प्रत्येक पेनी वहीत लिहायचा. या वह्या पुष्कळ ठिकाणी टिकल्या. रॉजर लव्हग्रोव्ह या अभ्यासकाने अशा शेकडो गावांच्या वह्या चाळून २००७ साली जाडजूड पुस्तक लिहिलं. म्हणजे तिथल्या कोंबडीचोरांना मरणोत्तर का होईना, नोंदवही मिळाली. आपल्याकडे कुलकर्ण्याच्या दप्तरात असलं कलम नव्हतं. कोंबड्या दोन्हीकडे मरत होत्या, फरक हिशोब ठेवणाऱ्याच्या गरजेत होता. आपल्या विषयावर कागद मिळाला नाही की ‘पूर्वी हा प्रश्नच नसावा’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो, तो आवरा.

मग शोधायचं कुठे?

मी शब्दांपासून सुरुवात केली. माझी आई आजही संध्याकाळी माहेरी फोन केला की मामीला विचारते, ‘कोंबड्या डालल्या का?’ शहरात वाढलेल्या वाचकासाठी सांगतो: डालणे म्हणजे कोंबड्या टोपलीखाली झाकणे. त्यासाठीची बांबूची मोठी, घुमटासारखी, सैल विणीची टोपली म्हणजे डालगं, कुठे डाल, कुठे डालं. आता जरा विचार करा. ‘कोंबड्यांना टोपलीखाली ठेवणे’ या एवढ्याशा कामासाठी मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे. भाषा अशी चैन उगाच करत नाही. रोज, घरोघर आणि वेळ चुकवून चालत नाही असं जे काम असतं, त्याला स्वतःचं क्रियापद मिळतं.

हे क्रियापद किती जुनं? इथे मोल्सवर्थ उपयोगी पडतो. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी वाढवलेली १८५७ ची. दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. डाल, डालगें, डालणें, खुराडा या नोंदी स्वतः उघडून वाचा. मोल्सवर्थचं आपल्यावर उपकार म्हणावं असं काम हे, की त्याच्याबरोबरच्या पंडितांनी नुसते पोथीतले शब्द घेतले नाहीत, बाजारातले आणि अंगणातलेही घेतले. त्यामुळे कोश हा इतिहासाचं साधन होतो. पण एक पथ्य पाळा. कोशात शब्द आहे याचा अर्थ इतकाच, की त्या सालापर्यंत तो रुळलेला होता. तो कधी जन्मला, कोणत्या तालुक्यात बोलला जायचा आणि कोणत्या जातीच्या तोंडी होता, यातलं बरंचसं कोश सांगत नाही.

म्हणींचंही तसंच. ‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही’ ही म्हण शाळेत सगळ्यांनी पाठ केलीय, आणि अर्थ विचारला की सत्य लपत नाही वगैरे उत्तर तयार असतं. तात्पर्य मास्तरांसाठी सोडून द्या. तुम्ही ‘झाकलं’ या शब्दाकडे बघा. कोंबडं झाकून ठेवणं ऐकणाऱ्याला इतकं परिचयाचं आहे, की म्हणीला खुलासा करावा लागत नाही. हा पुरावा आडून येतो, म्हणूनच मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण म्हण करणाऱ्याला कोंबडीपालनाबद्दल काहीच सिद्ध करायचं नव्हतं. अर्थात आरवणं ऐकू येऊ नये म्हणूनही कोणी कोंबडं झाकत असेल, ही शंका शिल्लक राहते. म्हणीला तारीखही नसते. १८९९ साली मॅनवॅरिंग नावाच्या मिशनऱ्याचा मराठी म्हणींचा संग्रह ऑक्सफर्डमध्ये छापला गेला. असल्या संग्रहात म्हण सापडली तर ‘या सालाच्या आधीची’ एवढंच म्हणता येतं. एक म्हण, एक कोश, एक वस्तू आणि चार माणसांच्या आठवणी असे चार धागे एका दिशेने ओढत असतील, तेव्हाच विधान करायचं.

वस्तूचं काय, हा पुढचा प्रश्न. डालगं बांबूचं. वाळवी, पाऊस आणि चूल यांच्या तावडीतून बांबूची वस्तू शंभर वर्षं टिकत नाही. त्यामुळे उत्खननात डालगं निघायची आशा नको. इथे मला एक वाट सापडली, ती तुमच्याही कामी येईल: वस्तू सापडत नसेल तर ती करणारा शोधा. डालगं करणार बुरूड. गॅझेटियरच्या प्रत्येक खंडात लोकसंख्येच्या प्रकरणात बुरुडांवर परिच्छेद असतो. बांबू कुठून आणतात, काय काय विणतात, धान्य घेऊन विकतात की रोख पैशाने, कोणत्या हंगामात काम जास्त. एंथोवेनच्या १९२० ते १९२२ दरम्यान निघालेल्या जातीजमातींवरच्या तीन खंडांतही बुरूड भेटतात. म्हणजे ‘कोंबडी’ शोधून जे दोन ओळींत संपलं, त्याची पुढची वाट ‘बुरूड’ या नोंदीत निघते. गंमत अशी की मी आधी चार महिने ‘पोल्ट्री’ या शब्दाखालीच कागद मागवत होतो. अभिलेखागाराची सूची दप्तर लावणाऱ्याच्या डोक्याने लावलेली असते, आपला प्रश्न तिला माहीत नसतो.

आता डालण्याकडे परत येऊ. डालगं म्हणजे एक वस्तू, पण डालणे ही रोजची हजेरी आहे. दिवस मावळायच्या आधी कोंबड्या गोळा करायच्या, मोजायच्या, कमी असेल तर शोधायला कुणालातरी पिटाळायचं, डालगं पालथं घालायचं, वर दगड ठेवायचा. दगड कशाला? बोका किंवा कुत्रं टोपली कलंडवतं म्हणून. मोठ्या कोंबड्यांसाठी खुराडं. देशावर ते दगडमातीचं, ओट्याला किंवा भिंतीला लागून, तोंड लहान आणि तोंडावर फरशी. कोकणात पडवीच्या कोपऱ्यात झापाच्या आडोशाने. खुराड्याचं तोंड एवढं लहान का, याचं उत्तर कोंबडीच्या मापात नाही, कोल्ह्याच्या खांद्यात आहे.

शत्रूंच्याही पाळ्या ठरलेल्या. दिवसा घार, शिक्रा आणि कावळा. यांना पिल्लं लागतात, मोठी कोंबडी नको असते. घारी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत घरटी करतात, तेव्हा त्यांच्या चकरा वाढतात. मुंगूसही दिवसाचंच. त्याचं दर्शन शुभ मानणारा आपला समाज त्याच मुंगसाला अंगणातून हाकलायला चप्पल घेऊन धावतो. दोन्हीत विरोध आहे असं मला वाटत नाही, रस्त्यावरचं मुंगूस वेगळं आणि खुराड्यातलं वेगळं! कातरवेळेला रानमांजर. रात्री कोल्हा, उदमांजर, घुबड, बिबट्याच्या मुलखात बिबट्या. अंड्यांना घोरपड आणि साप, त्यांना वेळकाळ नाही. आता सांगा, यातल्या किती जणांपासून खुराडं वाचवतं? फक्त रात्रीच्या पाळीपासून. दिवसाची पाळी माणसाने करायची. ती करायची अंगणात दळण निवडत, भांडी घासत, तान्हं मूल पायावर घेऊन बसलेल्या बाईने, म्हातारीने आणि शाळेत न गेलेल्या पोरीने. घारीची सावली जमिनीवर फिरली की ओरडायचं. हे काम कुणी काम म्हणून मोजलं नाही, कारण ते दुसरं काम करता करता व्हायचं.

माझ्या प्रबंधातलं मुख्य म्हणणं इथे आहे. कोंबड्या वाचवण्याचा इतिहास आपण खुराड्यांचा आणि कुंपणांचा इतिहास म्हणून लिहिला, तर अर्ध्याहून जास्त गोष्ट निसटते. राखण ही मुख्यतः बायकांची आणि मुलांची मेहनत होती, आणि तिचं वेळापत्रक शिकारी प्राण्यांच्या वेळापत्रकावर बेतलेलं होतं.

यात कोंबडीचाही वाटा होता, हे विसरू नका. सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, आणि तो रात्री झाडावर बसतो. आपल्या गावठी कोंबड्यांना अंधार पडायला लागला की उंच जागा हवी असते, ती सवय तिथली. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथल्या हाडांवरून पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातला आहे, असं २०२२ साली मांडलं गेलं. म्हणजे माणसाच्या दारी येऊन तीन-साडेतीन हजार वर्षं झाली तरी झाड डोक्यातून गेलेलं नाही. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा वेगळ्या जातीचा, पण कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचं जनुक त्याच्याकडून आलं, असं २००८ सालच्या संशोधनातून दिसलं. आणखी एक गोष्ट. आकाशातल्या शत्रूसाठी कोंबडा एक आवाज काढतो आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी दुसरा, आणि नुसता आवाज ऐकून बाकीच्या कोंबड्या त्याप्रमाणे वागतात, हे इव्हान्स दांपत्य आणि पीटर मार्लर यांनी १९९३ साली प्रयोगांनी दाखवलं. घरात स्वयंपाक करता करता ‘घार आली बघ’ म्हणणाऱ्या बायकांना हे दोन आवाज ओळखू येत असणार, असा माझा अंदाज आहे. मुलाखतींत हा प्रश्न जरूर विचारा.

साधनं वाचताना प्राण्यांच्या नावांत फार घोटाळे होतात. इंग्रजी कागदातला ‘जॅकल’ म्हणजे आपला कोल्हा, आणि ‘फॉक्स’ म्हणजे खोकड. पण इसापनीतीच्या मराठी रूपांतरांनी फॉक्सचा कोल्हा करून टाकला, त्यामुळे आजचा विद्यार्थी गॅझेटियरमधला फॉक्स वाचतो आणि डोळ्यांसमोर कोल्हा आणतो. आपलं खोकड मुख्यतः उंदीर, किडे, फळं खाऊन राहणारं. कोंबडीवर डल्ला मारण्यात कोल्हा त्याच्यापेक्षा कितीतरी सराईत. गावाकडे बिबट्यालाही ‘वाघ’च म्हणतात, त्यामुळे आजोबांनी पाहिलेला प्रत्येक वाघ पट्टेरी होता असं समजू नका. घारीचं तर आणखीच वेगळं. जनाबाईंच्या अभंगात ती पिलांसाठी जीव टाकणारी आई आहे. अंगणात तीच घार पिल्लं उचलणारी चोर. दोन्ही खरं, फक्त बोलणारा कुठे उभा आहे ते बघायचं.

आठवणींतही गोंधळ असतो. ‘त्या साली सगळ्या कोंबड्या गेल्या’ असं कुणी म्हणालं, तर लगेच कोल्ह्याच्या नावावर लिहू नका. कोल्हा एक-दोन नेतो. एका आठवड्यात खुराडं रिकामं झालं तर ती बहुधा मर, म्हणजे रोगाची साथ. गावाकडे मानमोडी म्हणतात तो रोग पशुवैद्यकाच्या पुस्तकांत ‘रानीखेत’ आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस उत्तरेतल्या रानीखेत गावी तो नोंदवला गेला म्हणून हे नाव. मान वाकडी झाली होती का, हा एक प्रश्न विचारला की उलगडा होतो. आणि दोन पायांचे शिकारी राहिलेच. दौऱ्यावर आलेल्या साहेबाच्या तळाला कोंबड्या, अंडी, दूध गावाने पुरवायचं, पैसे मिळाले तर मिळाले. त्या कोंबड्या कुणाच्या खुराड्यातून उचलल्या जात असतील हे सांगायला नको. या संकटापुढे डालगं काय करणार?

डालग्याच्या आणि नजरेच्या पलीकडे आणखी एक बंदोबस्त होता. दक्षिण कोकणात आणि गोव्यात गावच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा देतात. त्या देण्यालाच ‘राखण’ म्हणतात. जो सांभाळतो त्याचं देणं. उत्तरेला ठाणे, पालघर आणि मुंबईच्या जंगलालगतचे वारली वाघोबाला पूजतात, आणि वाघबारशीला त्याच्यापुढेही कोंबडी ठेवली जाते. रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली या वाघोबाच्या ठाण्यांवर संशोधन प्रसिद्ध केलंय, मुळातून वाचण्यासारखं आहे. माझ्या विषयाच्या अंगाने त्यातली एक गोष्ट मला सोडवत नाही. बाकीची गुरंढोरं आणि माणसं सांभाळावीत म्हणून कोंबडी द्यायची. म्हणजे जी वाचवायची तीच द्यायचीही. याला भाबडेपणा म्हणून झटकणं सोपं आहे. पण शिकाऱ्याचा वाटा आधीच मान्य करून टाकणारा हा व्यवहार आणि मुंडक्यागणिक पैसे देणारा इंग्रजी कायदा शेजारी शेजारी ठेवून बघा. प्राण्याशी नातं ठरवायच्या दोन अगदी वेगळ्या रीती दिसतात.

एका साधनाबद्दल सावध करतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रज बायकांनी घरगुती पुस्तकं लिहिली. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचं घरसंसाराचं पुस्तक प्रसिद्धच आहे, इसा ट्वीड यांचं तर खास हिंदुस्थानातल्या कोंबडीपालनावर. तपशील भरपूर, भाषा स्वच्छ, डिजिटल प्रती सहज मिळतात, त्यामुळे मोह होतो. पण ही बंगल्याची कोंबडी आहे. तिला आवार आहे, नोकर आहे, विलायती जात आहे. त्यावरून गावातल्या पाच कोंबड्यांबद्दल निष्कर्ष काढू नका. गावच्या बाईचा शब्द हवा असेल तर जात्यावरच्या ओव्यांकडे जा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या लाखावर ओव्या आज ‘पारी’च्या संकेतस्थळावरून ऐकायला-वाचायला मिळतात. तिथे ‘कोंबडी’ एवढंच शोधू नका. घार, अंगण, सांजवेळ असेही शब्द शोधा.

‘हे सगळं जुनं झालं’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं आजचं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यांत परसातली ३१ कोटी ७० लाखांच्या घरात होती, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त. परसातली कोंबडी संपत आलेली नाही, वाढतेय. सरकारी योजनाही आहेत. महाराष्ट्रात २५ तलंगा आणि ३ नर असा गट निम्म्या अनुदानावर देण्याची योजना अनेक वर्षं चालली. तिच्या खर्चाच्या तपशिलात पक्षी, खाद्य, औषधं यांच्याबरोबर ‘रात्रीचा निवारा’ असं एक कलम असे. म्हणजे खुराडं मान्य झालं. दिवसाच्या नजरेला मात्र कलम नाही. पण शास्त्रज्ञांना ती अडचण दिसलेली आहे. हैदराबादच्या संस्थेत तयार झालेल्या वनराजा कोंबडीचे रंगीत पिसं आणि लांब पाय हे गुण सांगताना, परसात शिकाऱ्यांपासून बचावायला त्यांची मदत होते, असं संस्थाच सांगते. पांढरीशुभ्र कोंबडी घारीला लांबून दिसते. रंगीत कोंबडी पाचोळ्यात मिसळते. पण पळायला लांब पाय दिले तरी कुठे पळायचं हे शिकवायला पिल्लांमागे आई लागते, आणि यंत्रात उबवून गाडीने आलेल्या पिल्लांना ती नसते. आता मुली शाळेत, सासू शेतावर मजुरीला, बाई बचत गटाच्या बैठकीला. अंगण दिवसभर रिकामं. राखणीचं काम कुणी करायचं हे ठरवल्याशिवाय २५ तलंगा वाटल्या, तर वर्षाने किती उरतील याचा विचार करा. तोटा पुन्हा तिच्याच हिशोबात जाणार.

मोजण्याची अडचणही संपलेली नाही. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात बिबटे काय खातात, याचा विष्ठेवरून केलेला अभ्यास विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. बिबट्याच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. फार महत्त्वाचं काम आहे ते, आणि बिबट्यांचा प्रश्न समजायला वजनाचंच माप योग्य. पण माझ्या प्रश्नाला हे माप पुरत नाही. दीड किलोची कोंबडी बिबट्याच्या आहारात दाण्याएवढी आणि मालकिणीच्या आठवड्यात बाजाराएवढी. दुसऱ्याचा आकडा वापरताना तो कोणत्या प्रश्नासाठी काढला होता, ते आधी बघत जा.

शेवटी मुलाखतींबद्दल, कारण त्याबद्दल ईमेल येतात. ‘तुम्ही कोंबड्यांचं संरक्षण कसं करायचात?’ असं विचारलं की ‘काय नाय, टोपलीखाली झाकायचो’ एवढं उत्तर येतं आणि मुलाखत संपते. त्याऐवजी दिवस विचारा. सकाळी कधी सोडायच्या? दव असताना की ऊन पडल्यावर? खुडूक कोंबडी कुठे बसवायच्या? पिल्लं किती मोठी झाली की डालग्याबाहेर? डालगं कुणाकडून घ्यायचं, बदल्यात काय द्यायचं? संध्याकाळी एक कमी भरली तर ओरडा कुणी खायचा? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर लांब येतं, रेकॉर्डरची बॅटरी बघून विचारा. आणि भेटीची वेळ दिवेलागणीच्या आधीची ठेवू नका, ती डालायची वेळ असते. ठेवलीतच, तर वही पिशवीत घाला आणि डालग्याची एक कड धरा.